कोरड्यात मिटणारी भिंत

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की घराच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. दिवसभर प्यायलेलं ऊन ती रात्री जेवणं उरकल्यावरही घरात सोडत असते. अशा गावांत नव्या दुकानांना दर्शनी काच लावायची हौस कुठून आली, मला तर कळत नाही.

त्यापेक्षा ऋतू पाहून स्वतःच उघडझाप करणारी भिंत करता येते. माळरानावरचं कुसळ आठवा, पायजम्यात रुतून बसणारं. कोरड्या हवेत त्याच्या शेपटीला पीळ पडतो, ओल लागली की पीळ सुटतो, आणि त्या फिरण्यानं बी मातीत शिरतं. वाळलेल्या गवताचीच ही करामत. आतले धागे वेगवेगळ्या दिशांना असल्यानं ओलीनं सारखे फुगत नाहीत, म्हणून काडी वळते. चिडाच्या फळाचे खवलेही असेच कोरड्यात उघडतात, ओलीत मिटतात.

जर्मनीत स्टुटगार्ट विद्यापीठाच्या आखिम मेंगेस यांनी हेच हेरलं. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे झडप-पाकळ्यांसारखे पडदे त्यांनी केले. २०१२ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रासाठी आणि पुढच्या वर्षी ‘हायग्रोस्किन’ हा मंडप. मोटार नाही, वायर नाही, वीजबिल नाही. हवेतली ओलच त्यांना हलवते.

मात्र तो मंडप कोरड्या उन्हात उघडतो आणि पाऊस आला की मिटतो. तिकडे ऊन हवंसं असतं. आपल्याकडे आणला तर तो नेमका मे महिन्यात ऊन आत घेईल! वऱ्हाडात कडक ऊन आणि कोरडी हवा एकत्रच येतात, म्हणून आपल्या पाकळ्या कोरड्यात मिटायला हव्यात आणि मृगानंतर वाऱ्यासाठी उघडायला हव्यात. पापुद्र्याची बाजू उलटी बसवली की तेही जमतं.

झाडांचंही तसंच, कोरड्या उन्हात सावली देणारंच हवं. मेळघाटातला साग पाणी वाचवण्यासाठी पानं टाकतो आणि उन्हाळ्यात उघडाबोडका असतो. भिंतीजवळ त्याचा उपयोग शून्य. कडुनिंबाला मात्र चैत्रात नवी पालवी असते. आपले आजोबा अंगणात त्याच सुमारास मांडव घालत, पाऊस लागला की काढत. पाकळ्यांहून फरक इतकाच की मांडवाला माणसं लागत.

खरी अडचण आहे ती धुळीची आणि वाळवीची. लाकडी पाकळ्या इथल्या धुळीत किती उन्हाळे हलत्या राहतील, हे पाहायला एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं आपली पश्चिमेची एक भिंत द्यावी. एवढी पुरे.