तारण आणि चिरस्थैर्य
(ज्युबिली महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या उत्सवास येताना आपल्यापैकी पुष्कळजण क्रांती चौकातून आले असतील. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळून रोज सहस्रावधी माणसे जातात. परंतु त्या स्थळास क्रांतीचे नाव का मिळाले, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. १८५७ साली येथील छावणीतील घोडदळाच्या शिपायांनी बंड केले आणि पकडल्या गेलेल्यांस ‘काळा चबुतरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच जागी मृत्युदंड देण्यात आला. निश्चय करणे हे एका क्षणाचे काम; तो अखेरच्या क्षणापर्यंत निभावणे ही गोष्ट निराळी.

आमच्या आजच्या विषयाचे मर्म हेच आहे. स्नानसंस्काराने आपणांस तारणाची कृपा लाभली. पण पुढे श्रद्धा टिकली नाही, तर ते तारण गमावले जाते काय?

काही अन्य पंथीय बंधू म्हणतात की, जो खरोखर निवडलेला आहे तो कायमचा पडूच शकत नाही. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील सभेने हे मत विस्ताराने मांडले. देवाच्या विश्वासूपणाविषयीचा त्यांचा आदर आम्हांस मान्य आहे. तथापि कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण निराळी आहे. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने स्पष्ट सांगितले की, लाभलेली कृपा गमावता येते. जाणूनबुजून श्रद्धा टाकल्याने ती जाते. आणि श्रद्धा कायम असूनही महापापाने जाते. शेवटपर्यंत टिकणे हे देवाचे दान आहे, ते आपल्या बळावर मिळत नाही. म्हणून ते नित्य मागावे, पण खिशात असल्यासारखे धरून चालू नये. स्वतः संत पौलासही अशी भीती होती की, इतरांस उपदेश करून आपण मात्र अपात्र ठरू नये.

देवाचे दान का बरे जावे? ते दुबळे आहे म्हणून नव्हे. देवाने आपणांस लेकरे केले, बेडीतले दास केले नाही. घराचे दार आतून उघडता येते, म्हणूनच घरात राहण्यास प्रेमाचे मोल आहे.

परंतु येथे तारतम्य हवे. वार्धक्याने स्मृती गेलेली आजी ‘नमो मारिया’ विसरली, म्हणून तिची श्रद्धा गेली नाही. मुलाच्या मृत्यूनंतर ज्या बापाच्या तोंडून प्रार्थना निघत नाही, त्याने देवास नाकारले असे होत नाही. शंका हा एक आजार असेल. नकार हा निश्चय आहे.

याहून बिकट एक प्रश्न आपल्या मराठवाड्यातील घराघरांत आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या गेल्या. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधव त्यांत आले. ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे मुलाच्या शिक्षणासाठी व नोकरीसाठी कागदावर एक धर्म आणि देवघरात दुसरा, अशी कुटुंबे निर्माण झाली. ती मिस्सेस येतात तेव्हा मागच्या बाकावर बसतात. काही येतच नाहीत. त्यांचे तारण गेले काय?

ख्रिस्तसभेपुढे असाच प्रश्न पूर्वी आला होता. इ. स. २५० मध्ये रोमी सम्राट देकियस याने फर्मान काढले की, सर्वांनी देवतांस बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. असे दाखले ईजिप्तच्या भूमीत सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी न देता पैसे भरून केवळ कागद मिळविला. छळ शमल्यावर ते रडत परत आले. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, अशांस ख्रिस्तसभेत पुन्हा स्थान नाही. कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन यांनी मध्यम मार्ग धरला. २५१ च्या कार्थेज सभेने ठरविले की, प्रत्येकाची परिस्थिती पाहावी, प्रायश्चित्त घ्यावे आणि कागद घेणाऱ्यांस परत स्वीकारावे. पाप हे पापच म्हटले गेले. पण दार लावून घेतले नाही. हेच सिप्रियन २५८ साली श्रद्धेसाठी शिरच्छेद पावले. तेव्हा त्यांची दया भित्रेपणाची होती असे कोण म्हणेल?

आमच्या मते आपलाही मार्ग हाच. असत्यास सत्य म्हणू नये. अन्यायी भेदाविरुद्ध उघडपणे न्याय मागावा. परंतु कागदाच्या ओझ्याखाली वाकलेल्या बांधवाचा निवाडा आपण करू नये. त्याचे अंतःकरण देव पाहतो. जिवंत माणसाविषयी ‘हा गेला’ असे म्हणण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने कोणासही दिलेला नाही. संत पेत्राने एका रात्रीत तीनदा नाकारले आणि यूदाने एकदा विश्वासघात केला. पेत्र रडत ख्रिस्ताकडे परतला, यूदा परतलाच नाही. दोघांतील अंतर एवढेच.

म्हणून ट्रेंटच्या त्याच परिषदेने प्रायश्चित्त संस्कारास, तारू फुटल्यावर बुडत्याच्या हाती येणारी दुसरी फळी असे मानले. फळी आहे, यावर विसंबून कोणी तारू फोडीत नाही. आणि तारू फुटले म्हणून फळी सोडीत नाही.

बंधुभगिनींनो, ज्युबिलीत आपण स्नानसंस्कारांची संख्या मोजतो. या वर्षी आणखी एक गोष्ट करू या. नोंदवहीत नाव असून बाकावर न दिसणाऱ्या एकेका घरी जाऊ या. कागद विचारू नये, हिशेब मागू नये, खुशाली विचारावी आणि एवढेच म्हणावे, “तुमची जागा रिकामी आहे.” कदाचित त्यांच्या चिरस्थैर्याचे दान देव आपल्याच पावलांनी पाठवीत असेल.

दयाघन प्रभू आपणां सर्वांस शेवटपर्यंत टिकण्याची कृपा देवो. आमेन.