हंसांची वाणी

आयर्लंडमध्ये घराघरांतून आयरिश भाषा लोपत असता डग्लस हाइड प्रभृतींनी १८९३ साली डब्लिन येथे गेलिक लीग स्थापून तिच्या शिक्षणाची चळवळ उभारली. आयरिश शिकणारी मंडळी आजही एकत्र बसून ‘लिरची मुले’ ही जुनी कथा वाचतात. सावत्र आईच्या शापाने चार भावंडे नऊशे वर्षे हंस होतात. वाणी मात्र मानवीच राहते. एक हंस तो ‘अला’, पण अनेक हंस ‘ना हली’! शब्दाचा आरंभच पालटल्याने नवशिक्याला तो कोशात गवसत नाही. शेजारी बसलेला उलगडून सांगतो. एकट्या हंसाला त्या वाणीचा काय उपयोग होता? चौघे होते, म्हणून ती नऊशे वर्षे बोलली गेली. भाषा शिकणाऱ्यालाही असाच सोबती हवा.