टी पेशींचा मुक्काम : स्वागताध्यक्षीय भाषण



मुंबईतील ज्या परळात हाफकिनांच्या नावाची संस्था उभी आहे, आणि जिथे डॉ. खानोलकरांच्या धुरीणत्वाखाली डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या जोपासून स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला, त्या परळात आपणां सर्वांचे स्वागत करण्याचा मान मिळाला, हे मी माझे भाग्य समजतो.

आपल्या चर्चेचा विषय लशीची सहायक द्रव्ये, म्हणजे लशीचा परिणाम वाढावा म्हणून तिच्यात मिसळायची द्रव्ये. त्यांचे कुळ काही फार थोर नाही. ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होई त्यांच्याच रक्तात घटसर्पाचे प्रतिविष अधिक उतरते, हे पाश्चर संस्थेच्या गास्तों रामों यांनी १९२५ च्या सुमारास हेरले आणि टॅपिओका, म्हणजे आपल्या उपवासाच्या साबुदाण्याचाच माल, लशीत मिसळून तोच दाह बुद्ध्या घडवून आणला. हे का घडते याची संगती लागायला पुढे सत्तरएक वर्षे जावी लागली.

परंतु कर्करोगावरील लशींच्या बाबतीत, दाह झाला, प्रतिकार करणाऱ्या टी पेशी वाढल्या, म्हणजे अर्बुद, अर्थात कर्करोगाची गाठ, हटले, असा हिशेब करणाऱ्यांना २०१३ साली ह्यूस्टनहून आलेला निबंध चांगलाच अडवतो. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातील जीपी१०० या प्रथिनाचा तुकडा फ्रॉइंडच्या 'अपूर्ण' सहायक द्रव्यात, अर्थात खनिज तेलाच्या पायसात, कालवून उंदरांना टोचला असता सीडी८ जातीच्या मारक टी पेशी सिद्ध झाल्या खऱ्या. पण ते तेल जागीच साचून राहिल्यामुळे, लग्नाला निघालेले वऱ्हाड वाटेतल्याच पंगतीला बसावे तशा त्या टोचल्या जागीच अडकल्या, निष्प्रभ झाल्या आणि मेल्या. प्रतिकारशक्तीला उत्तेजन देणाऱ्या औषधांची जोड दिल्यावर मरणाऱ्या पेशी कमी झाल्या, तरी मुक्काम हलला नाही. फार काळ न टिकणारे मिश्रण वापरले तेव्हा मात्र त्या अर्बुदाकडे वळल्या आणि त्यांनी कामगिरीही सरस केली. हेच तेल माणसांवरील चाचण्यांतही वर्षानुवर्षे वापरले गेले होते, ही बाब मला उंदरांच्या हकिकतीहून अधिक अस्वस्थ करते.

म्हणून निबंधवाचकांना माझी नम्र विनंती आहे की, रक्तातील पेशींच्या आकड्यांबरोबर त्या पेशी कुठे गेल्या आणि गाठीचे पुढे काय झाले, हा तपशीलही, प्रतिकूल असला तरी, बिनदिक्कत सभेपुढे ठेवावा.