कडेचे प्यादे



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. बुद्धिबळ आम्ही सोलापुरातच, यंत्रमागाची पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर शिकलो. तिथले म्हातारे विणकर देशी वळणाने खेळत. देशी खेळात प्यादे बहुधा पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. त्यामुळे मध्यावर एकदम धाड घालता येत नसे. मग कडेचे प्यादे सारून त्यामागे उंट बसवायचा आणि दुरून तिरका रोख धरायचा. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी कॉक्रेनसाहेबाशी याच धर्तीवर खेळले. 'भारतीय बचाव' हे नाव त्यातूनच आले.

याच जातीची, पण अधिक धीट सुरुवात टार्टाकोवर यांनी 1924 साली न्यूयॉर्कला मारोत्सींविरुद्ध केली. वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे त्यांनी थेट दोन घरे पुढे टाकले. प्राणिसंग्रहालयात पाहिलेल्या ओरांगउटानचे नाव त्यांनी या सुरुवातीला दिले. लोक हसले, पण खेळीत हिशेब आहे. काळा राजासमोरचे प्यादे मध्यावर आणतो. पांढरा मोकळ्या घरात उंट बसवून त्या प्याद्यावर रोख धरतो. काळ्याच्या उंटाने कडेचे प्यादे मारले, तर पांढऱ्याचा उंट मधले मारतो. कडेचे देऊन मधले घ्यायचे, हा तो सौदा. मात्र किंमत वेळेत मोजावी लागते. तेवढ्यात काळ्याची मोहरी बाहेर पडतात.

एका कारखान्यात आम्ही हाच सौदा केला. मालक म्हणे, "हे माझे कामगार नव्हेतच." आम्ही पगारवाढ मागितलीच नाही, हजेरीकार्ड मागितले. कागदाचा तुकडा म्हणून त्याने दिला. त्याच कार्डावर भविष्यनिर्वाह निधीचा दावा उभा राहिला, आणि आम्ही जिंकलो.

दुसऱ्या ठिकाणीही कार्डे मिळाली. तिथे मात्र आम्ही हारतुरे घेत बसलो. तो कायदा 20 कामगारांच्या आस्थापनेपासून लागतो. मालकाने आमच्या ढिलाईत एका शेडच्या तीन शेडी केल्या, नातेवाइकांच्या नावांवर. कार्डे खिशात राहिली आणि माणसे रस्त्यावर आली. त्यांच्यातला एकजण आजही भेटला की आमच्याशी बोलत नाही. त्याचे चुकत नाही.

1970 साली बेलग्रेडला लार्सन यांनी कडेच्याच प्याद्याने डाव मांडला. राजा मध्येच राहिला, मोहरी मागे राहिली. स्पास्की यांनी त्यांना 17 खेळ्यांत हरवले. टार्टाकोवरही आपला डाव हरलेच होते. म्हणून कडेचे प्यादे खोटे ठरत नाही. कडेने जाणे हा मध्यावर पोचण्याचा लांबचा रस्ता आहे. आणि लांबच्या रस्त्याने निघालेल्याने वाटेत मुक्काम करू नये.

ही गोष्ट आम्ही पटावर शिकलो होतो; कारखान्याच्या दारात विसरलो. आपण विसरू नये, एवढेच सांगणे.