कांद्याची पारख, जाहिरातीचीही

श्रोतेहो, राजगुरुनगरच्या बाजारात कांदा घेताना आपण तो दाबून पाहतो, भाव करतो. मग टीव्हीवर पाहिलेले मुलांचे शक्तिवर्धक पेय न पारखता घरात कसे येते?

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. ‘आमची माती, आमची माणसं’ने शेतकऱ्याला उपयोगाचे सांगितले, विश्वास बसला. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. सांगणारा आणि विकणारा एकाच पडद्यावर बोलू लागले, अन् एकावरचा विश्वास दुसऱ्याच्या पदरात पडला.

फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा मागाहून येतो. म्हणून गुरुजी, मुलांना एवढेच विचारायला शिकवा: हे सांगतो कोण, आणि त्याचे पैसे देतो कोण?