जपानचे ऋतूत्सव आणि पाहुण्याचा धर्म
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील कुटुंबे आता काशी-रामेश्वराप्रमाणेच परदेशच्या प्रवासासही जाऊ लागली आहेत. मुले शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त दूर देशी राहतात आणि आईवडील त्यांच्याकडे महिना दोन महिने जाऊन येतात. जाताना प्रेक्षणीय स्थळांची यादी बरोबर असते. परंतु ज्या दिवशी एखाद्या देशाचे अंतरंग पाहुण्यास दिसते, तो सणाचा दिवस मात्र पुष्कळदा हुकतो. म्हणून जपान देशाच्या ऋतूत्सवांविषयी आज चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

प्रथम तिथींचा उलगडा केला पाहिजे. जपानने इ. स. १८७३ पासून आपली जुनी चांद्र कालगणना सोडून इंग्रजी तारखा स्वीकारल्या. त्यामुळे तेथील बहुतेक सण ठरलेल्या तारखांना येतात. तथापि काही गावांनी जुन्या ऋतुमानाशी मेळ राहावा म्हणून तेच सण एक महिना पुढे नेले. पितरांच्या स्मरणाचा ‘ओबोन’ हा सण तोक्योत जुलैच्या मध्यास, तर देशाच्या बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्यास होतो, तो यामुळेच. प्रवाशाने केवळ सणाचे नाव न पाहता गावही पाहावे.

आता वर्षाचे चक्र पाहू. फेब्रुवारीच्या आरंभी, वसंताच्या उंबरठ्यावर, ‘सेत्सुबुन’च्या दिवशी भाजलेले सोयाबीन उधळून घरातील अनिष्ट बाहेर घालवितात. याच महिन्यात उत्तरेकडील साप्पोरो शहरी हिमशिल्पांचा महोत्सव भरतो, इ. स. १९५० मध्ये शाळकरी मुलांनी उभारलेल्या सहा हिममूर्तींपासून त्याचा प्रारंभ झाला. ३ मार्चला मुलींसाठी बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांनी केलेली मांडणी पाहून आपल्या भगिनींना चैत्रगौरीपुढील आरास आठवेल. मार्चअखेर दक्षिणेकडून चेरीचा बहर सुरू होतो व एप्रिलच्या अखेरीस तो होक्काइडो बेटापर्यंत पोहोचतो. ऑगस्टमध्ये ओबोनच्या शेवटी क्योतो नगरीभोवतीच्या पाच डोंगरांवर अग्नी पेटवून पितरांना निरोप देतात. शरदातील पूर्णचंद्राचे दर्शन आपल्या कोजागरीशी नाते सांगते. आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री बौद्ध मंदिरांतून १०८ घंटानाद होतात. जपमाळ ओढणाऱ्यास या संख्येचे महत्त्व सांगावयास नकोच.

या सर्वांत क्योतोच्या ‘गिओन’ उत्सवाचा विचार मी थोड्या विस्ताराने करणार आहे. ‘गिओन’ हे नाव मुळात आपल्या श्रावस्तीच्या जेतवनाचे जपानी रूप होय. इ. स. ८६९ मध्ये रोगाची साथ पसरली असता, देशाच्या ६६ प्रांतांच्या नावे ६६ भाले उभारून देवतेची प्रार्थना करण्यात आली; तेथून या उत्सवाची परंपरा सांगितली जाते. आज संपूर्ण जुलै महिना हा उत्सव चालतो. १७ व २४ जुलै रोजी ३४ रथांच्या मिरवणुका निघतात. मोठे रथ सुमारे बारा टनांपर्यंत भरतात. त्यांचे सांगाडे खिळ्यांवाचून केवळ दोरांनी बांधलेले असतात. चाके वळत नसल्यामुळे चौकात त्यांच्याखाली ओल्या बांबूच्या पट्ट्या घालून सारा रथ ओढून फिरवावा लागतो. हे दृश्य पाहण्याजोगे आहे, यात शंका नाही.

परंतु त्याहून जाणून घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. हे रथ ना सरकारचे, ना कोणा श्रीमंताचे. प्रत्येक रथ एकेका आळीचा आहे. ती आळी तो सांभाळते, बांधते आणि मिरवणूक संपताच उतरवून ठेवते. त्यांपैकी ‘ताकायामा’ नावाच्या रथाची कथा ऐका. इ. स. १८२६ च्या वादळी पावसात त्याची हानी झाली व तो मिरवणुकीतून निघाला. पुढे १८६४ च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळाला. उरल्या त्या मूर्ती. आळीने त्या टाकून दिल्या नाहीत. रथ नाही तर नाही. दरवर्षी जुलैत त्या मूर्ती मांडून त्यांची पूजा करण्याचा परिपाठ तिने पिढ्यान्पिढ्या चालविला. अखेर इ. स. २०२२ मध्ये, १९६ वर्षांनी, ताकायामा पुन्हा मिरवणुकीत सामील झाला. ज्यांनी तो जाताना पाहिला व ज्यांनी तो परतताना पाहिला, त्यांच्यामध्ये सहा-सात पिढ्यांचे अंतर होते!

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. इवाते प्रांतातील कोकुसेकि मंदिरात सहस्राहून अधिक वर्षे चालत आलेला ‘सोमिन्साई’ उत्सव फेब्रुवारी २०२४ मध्ये अखेरचा साजरा झाला. देव रुसला नव्हता, प्रेक्षकही आटले नव्हते. उत्सवाची तयारी करणारे हात वृद्ध झाले आणि त्यांच्या जागी येणारे उरले नाहीत, एवढेच त्याचे कारण. त्याच २०२४ साली जपानला ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी पाहुण्यांनी भेट दिली. प्रेक्षकांची संख्या कितीही वाढली तरी तिने उत्सव जगत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

किंबहुना प्रेक्षकांचा भारही होतो. गिओनच्या मिरवणुकीसाठी २०२३ पासून अत्यंत महाग आसने मांडण्यात आली. पुढील वर्षी तेथील मुख्य पुजाऱ्यांनी आसनांवर मद्य देण्यास जाहीर हरकत घेतली. त्याच नावाच्या वस्तीतील खासगी गल्ल्यांत २०२४ पासून प्रवाशांना मज्जाव करण्यात आला आहे. तेव्हा आपण पाहुण्याचा धर्म पाळावा. मिरवणुकीच्या आधीच्या संध्याकाळी जावे. तेव्हा काही जुनी घराणी आपले चित्रित पडदे रस्त्यावरून दिसतील असे मांडतात. विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये. आळीच्या मांडवात ‘चिमाकी’ नावाचे, दारावर लावावयाचे मंगलचिन्ह मिळते, ते घ्यावे. तो पैसा रथाच्या जतनाकडे जातो. ओबोन व नववर्षाच्या दिवसांत आगगाड्यांना अतिशय गर्दी असते, म्हणून जागा आधीच राखून ठेवावी.

आता घरची गोष्ट. क्योतोच्या त्या पेठांतून पुष्कळ घराणी बाहेर गेली, त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. तेव्हा आळ्यांनी विद्यार्थ्यांच्या, परगावच्या माणसांच्या हाती रथाचा दोर दिला. त्यामुळे रथ परका झाला नाही. आपल्या घरांतूनही दुसऱ्या ज्ञातींच्या, दुसऱ्या प्रांतांच्या सुना व जावई येतात. गौरी बसविताना किंवा घटस्थापनेच्या वेळी त्यांना पाहुण्यासारखे बाजूस बसवून ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. त्यांच्या हाती काम द्यावे, आणि कारण समजावून सांगावे. त्याचबरोबर, प्रत्येक घराने आपली कुलाचाराची रीत, नैवेद्यापासून विसर्जनापर्यंत, लिहून काढावी व पुढील वर्षाच्या स्मरणिकेसाठी संघाकडे द्यावी, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. मुंबई-पुण्यातील सदनिकेत वा तोक्योतील दोन खोल्यांत सारे यथासांग होणार नाही. पण ताकायामाच्या आळीने जसे रथावाचून मूर्तींचे पूजन राखले, तसे जेवढे राखता येईल तेवढे राखावे.