परत बोलावण्याचा हक्क आणि बाजाराची जागा



वसंत व्याख्यानमालेची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विचार ऐकायला जमण्याची सवय आपल्या गावोगावच्या लोकांना लागली. आजचा विषय मात्र मी ग्रंथातून उचललेला नाही. तोरण्याच्या पायथ्याशी, कानंद खोऱ्यात, चहाच्या टपरीवर रोज ज्याची चर्चा चालते, तो हा विषय. आपण निवडून दिलेल्या माणसाने आपल्याला न विचारता गावाचे रूप पालटून टाकणाऱ्या गोष्टीला संमती दिली, तर त्याला पाच वर्षे तसेच सहन करायचे, की मुदतीआधी घरी पाठवायचे? आणि त्याला घरी पाठवून ती गोष्ट थांबते का?

दुसरा प्रश्न लोक सहसा विचारीत नाहीत. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

समजा, चेलाडी फाट्यावर, महामार्गाला लागून, एखादी मोठी विक्रीकंपनी आपले भांडार उघडते. साखर, तेल, साबण, कपडा, भांडी सारे एका छपराखाली, आणि आपल्या दुकानदारापेक्षा दोन पैसे स्वस्त. मग वेल्ह्याच्या, नसरापूरच्या पेठेतल्या किराणा दुकानदाराचे काय होईल? मी दुकानदारांचा वकील नाही. दोन पैसे स्वस्त मिळालेले तेल ज्या घरी जाते, त्या घरच्या गृहिणीला मी दोष देणार नाही. पण भाताची सुगी हाती येईपर्यंत जो वाणी वहीत नाव लिहून माल देतो, त्याची वही कंपनीच्या भांडारात नसते, हेही हिशेबात धरले पाहिजे. स्वस्ताई सर्वांना दिसते. उधारीचा आधार बंद पडल्यावरच कळतो.

हा झगडा जगात इतरत्रही झालेला आहे. कॅलिफोर्नियातील इंगलवुड या गावी वॉलमार्ट कंपनीला मोठे भांडार बांधायचे होते. नगरपालिका अनुकूल नाही असे पाहून कंपनीने आपला प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवला. ६ एप्रिल २००४ रोजी मतदान झाले आणि मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. त्याच राज्यातल्या लॉस एंजेलिस शहराने प्रतिनिधीला मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूद १९०३ सालीच आपल्या सनदेत घातली होती. तिथे माणूस आणि प्रस्ताव या दोहोंवर मत देता येते. आपल्याकडे काय आहे ते आता पाहू.

आपल्या देशात २०१२ साली परदेशी किरकोळ विक्रीकंपन्यांना ५१ टक्क्यांपर्यंत भांडवल घालण्याची मुभा मिळाली. तीसुद्धा दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत व त्यांच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत, आणि ज्या राज्यांनी मान्य केले तिथेच. संसदेत या निर्णयावर मोठे वादळ उठले. वेल्हे या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहे. पण देशी कंपन्यांना अशी मर्यादा नाही. त्यांनी जमीन घ्यावी, बिनशेती करून घ्यावी, नकाशा मंजूर करून घ्यावा आणि दुकान उघडावे. बिनशेतीचा कारभार महसूल खात्याचा, नकाशा मंजुरीचा नियोजन प्राधिकरणाचा. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात भोर व वेल्ह्याचाही भाग आला. ग्रामपंचायतीच्या वाट्याला बहुधा उरतो तो एक ‘ना हरकत दाखला’. त्या एका कागदापायी गावात दोन तट पडतात, सरपंचाच्या नावाने शिमगा होतो, आणि अविश्वासाचा ठराव मांडला जातो.

या अविश्वासाचे प्रकरण थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम ३५ आहे. सरपंच सदस्यांतून निवडला जाई, तेव्हा सदस्यांनीच त्याला काढावे हे सयुक्तिक होते. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा आला. २०२० साली तो मागे घेतला. २०२२ साली पुन्हा आणला. (आपल्या राज्यात सरकार बदलले की गावचा सरपंच कुणी निवडायचा तेही बदलते!) थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध अविश्वासाचा ठराव सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो आणि त्यानंतर खास ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्याला मान्यता मिळावी लागते. निवडून आल्यापासून दोन वर्षे आणि मुदतीच्या अखेरच्या सहा महिन्यांत तो आणता येत नाही.

ही बंदी काहींना जाचक वाटते. मला ती आवश्यक वाटते. निम्मी सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठीही आहेत. खुर्चीवर नुकत्याच बसलेल्या अशा सरपंचाला गावातल्या वजनदार मंडळींनी अविश्वासाच्या धाकाने वाकवावे, हे महाराष्ट्राला नवे नाही. परत बोलावण्याचे हत्यार कुणाच्या हाती पडते, यावर त्याचे गुणदोष ठरतात.

पण या व्यवस्थेत एक व्यंग आहे. ग्रामसभेला मत आहे, पण पहिला शब्द नाही. सदस्यांनी ठराव मंजूर केला तरच प्रश्न लोकांपुढे येतो. कंपनीच्या बाजूला सरपंच आणि सदस्य दोन्ही असतील, तर मतदाराला दार कोण उघडणार? मध्य प्रदेशातल्या नगरपालिकांतही हेच आहे. तिथे नगरसेवकांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने मागणी झाली की नगराध्यक्षाविषयी मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. अनूपपूरच्या मतदारांनी २००१ साली आपल्या नगराध्यक्षेची खुर्ची रिकामी केली. छत्तीसगडमध्ये २००८ साली एकाच वेळी तीन गावांच्या अध्यक्षांना घरी जावे लागले. मध्य प्रदेशच्या सरपंचाबाबत मात्र ग्रामसभेच्या एक-तृतीयांश सभासदांना स्वतः अर्ज करता येतो. हरियाणानेही २०२० साली सरपंचाबाबत तसाच कायदा केला. तिथे पहिला शब्द लोकांचा आहे. महाराष्ट्राने हे एक कलम उसने घ्यायला हरकत नव्हती.

आपल्याकडे मात्र याहून जवळची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या भगिनींनी करून दाखवली आहे. गावात दुकान असावे की नसावे यावर महाराष्ट्रात खरोखर मतदान होते. ते दुकान दारूचे. २००८ च्या शासन आदेशानुसार २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. कित्येक गावांत बायकांनी ही लढाई जिंकली, कित्येक ठिकाणी हरल्या. हरण्याचे एक कारण ऐकण्यासारखे आहे. निम्म्याहून अधिक म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण स्त्रियांच्या! जी घरी राहिली, जी पोटासाठी पुण्या-मुंबईस गेली, जी वारली आणि नाव मात्र यादीत राहिले, त्या सर्वजणी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आपल्या मावळातली किती घरे वर्षातले आठ महिने कुलूपबंद असतात ते आपण जाणता.

तरी या पद्धतीचा मोठा गुण असा की तिथे माणसावर मत दिले जात नाही, दुकानावर दिले जाते. भाऊबंदकीचा सूड तिथे कमी शिरतो. तेल-साखरेच्या भांडारासाठी अशी तरतूद नाही, आणि दारूइतकी ती सरसकट असावी असेही मी म्हणणार नाही. पण ज्याने पेठच उठेल अशा मोठ्या प्रकल्पापूर्वी गावाचे मत घ्यायला काय हरकत आहे? रायगड जिल्ह्यात पेण भागातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारनेच विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल शेतकऱ्यांचे मत घेतले होते. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी त्या लढ्याला बळ दिले होते. त्या मताला कायद्याचे बंधन नव्हते. पण भूसंपादनाची मुदत सरली आणि तो प्रकल्प तिथे उभा राहिला नाही.

आता घरचे उदाहरण. मोसे खोऱ्यात, वरसगावच्या पाण्याकाठी, ज्या जलाशयाला आपण बाजी पासलकरांचे नाव दिले आहे त्याच्या वरच्या अंगाला, लवासा नावाचे शहर वसवण्याचा घाट घातला गेला. त्याचा विस्तार मुळशी आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या अठरा गावांवर. २००८ साली शासनाने त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बांधणारा तोच, आणि बांधकामाचा नकाशा मंजूर करणाराही तोच. तिथल्या सरपंचाला परत बोलावून काय उपयोग झाला असता? त्याच्या हाती कागदच नव्हता. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, वर्षभराने अटींवर परवानगी दिली. २०१७ साली नियोजनाचा तो अधिकार काढून महानगर प्राधिकरणाकडे गेला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. या सगळ्यात खोऱ्यातल्या मतदाराने काढलेला असा एकही अधिकारी किंवा पदाधिकारी नाही. दिल्लीने थांबवले, मुंबईने काढून घेतले, सावकारांनी न्यायाधिकरणात ओढले.

जुन्या काळी पेठ वसवताना शेटे-महाजन असत, त्यांचे वतन वंशपरंपरेचे असे आणि तंटा गोतसभेपुढे जाई. त्या वतनदाराला कुणी परत बोलावू शकत नव्हते, म्हणून जुने ते सोने असे मी म्हणणार नाही. पण तो निदान त्याच पेठेत राहत होता. २०२४ साली मंत्रिमंडळाने आपल्या तालुक्याला राजगडचे नाव देण्याचे ठरवले, त्याचा आनंद सर्वांना झाला. ज्यांनी नकाशा मंजूर करायचा ते मात्र पुण्यातच बसतात.

म्हणून फाट्यावर एखादे मोठे बांधकाम येणार अशी कुणकुण लागली, तर सरपंचावर धावून जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: जमीन बिनशेती झाली का, नकाशा कुणी मंजूर केला, आणि ग्रामसभेच्या वहीत काय लिहिले आहे. ती वही पाहायला मागण्याचा हक्क आपल्याला आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल तेवढी संख्या पुरते. तेवढीही माणसे जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुष्कळसे ठराव त्या दुसऱ्या सभेत, वीस-पंचवीस माणसांत, मंजूर झालेले आढळतील. पुढची ग्रामसभा १ मे रोजी असते.